जात्याला गोंगाट म्हणणारं ॲप

मी एकदा जातं पुसून टाकलं. फडक्याने नव्हे, बोटाने.

तीन वर्षं झाली त्याला. मी तेव्हा बहात्तरची, म्हणजे अंगात पोरकटपणा भरपूर, आणि त्यात हातात नवा मोबाइल. आमच्या जिजीची, म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, हळदीची चार गाणी मी त्यावर घेतली होती. मागच्या दारी जातं मांडलं, आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि दळता दळता ती गायली. ॲप फुकटातलं. शेवटचं गाणं घेऊन झालं तसं ते आपणहून म्हणालं, आवाज स्वच्छ करू का? आता आमच्या घरात ‘साफ करू का’ असं आपणहून विचारणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी विरघळले. बटण दाबलं.

त्याने खरंच साफ केलं. जात्याची घरघर साफ, काकणांची किणकिण साफ, पीठ सांडतं त्याची बारीक सळसळ साफ. उरला जिजीचा उघडा आवाज. मला तो इतका आवडला की फोन भरत आल्याची सूचना दिसताच मूळची चारही गाणी मी तिथल्या तिथे पुसली. मी नीटनेटकी बाई असल्यामुळे फोनातली कचऱ्याची टोपलीसुद्धा लगेच रिकामी केली. आणि मोठ्या दिमाखात जिजीला ऐकवायला गेले.

ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. दोन ओळी ऐकल्या आणि तिचा हात थांबला.

“हाई कोन रडी ऱ्हायनं वं?”

“जिजी, तुम्हीच आहात.”

“मी कसाले रडू? जातं कोठे गयं?”

“साफ केलं,” मी म्हटलं. बोलता बोलताच माझा आवाज बारीक झाला. कारण आता मलाही ऐकू येत होतं. जात्याशिवाय ते गाणं म्हणजे रिकाम्या घरात एकटी बाई हेल काढत बसल्यासारखं.

“मंग पयलंच वालं लाव.”

पहिलंवालं नव्हतं.

तिने लसणाचं सूप जवळ ओढलं. लसणाची एक पाकळी उचलली, सोलली, पुढची उचलली. जिजी शिव्या देते तोवर सगळं ठीक असतं.

तिच्या चार सकाळी मी घालवल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. जिजीला दमा आहे. एका सकाळी एकच गाणं, मग तोंडात पंप, मग तासभर भिंतीला टेकून बसणं, असा तो हिशेब. आमच्या कुळातल्या प्रत्येक मुलीची हळद तिने गायली आहे, माझ्या लेकीचीसुद्धा. आता तिच्या स्वतःच्या नातीचं लग्न होतं, सुरतेला, कारण तिचा मुलगा तिकडेच नोकरीला. तिथे जाऊन गायचं बळ उरलेलं नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. म्हणून तर तिने आपणहून मला म्हटलं होतं, “मन्ही नातनी हयद मन्हाच गानावर व्हई. मी खुर्चीवर बठसू, तुन्हा मोबाइल गाई.” एवढा विश्वास तिने माझ्यावर पन्नास वर्षांत पहिल्यांदा टाकला होता.

पन्नास वर्षांपूर्वी का टाकला नाही, तेही सांगते. मी या घरात आले ती नोकरी घेऊन. तळोद्याहून जीपने वर डोंगरातल्या शाळेत शिकवायला जायचे, आठवडाभर तिथेच राहायचे, शनिवारी धानोऱ्यावरून घरी यायचे, आणि आल्या आल्या सगळ्यांचं मराठी सुधारायचे. ‘शे’ नाही, ‘आहे’ म्हणावं. ‘मन्हा’ नाही, ‘माझा’. घरातल्या कोंबड्यांनी प्रमाण भाषेत आरवावं एवढंच सांगायचं राहिलं होतं. पहाटे दळायला बसायची पाळी आली की मी जिजीच्या समोर बसायचे, जात्याच्या खुंट्याला हात लावायचे, आणि तो हात तिथे नुसता शोभेला ठेवायचे. ओढायची ती. गायचीही ती. मला वाटायचं, ही अडाणी गाणी, यांचं काय शिकायचं. अशी ती बावीस वर्षांची विदुषी. आज भेटली तर तिच्या हातात मी सुपली देईन आणि चार पायल्या दादर ज्वारी निवडायला बसवीन.

तर जिजी रुसली. मी चौथ्या दिवशी विषय काढला, पुन्हा एकदा गाल का म्हणून.

“मन्हा दम काय कोठीमझारला दाना शे का? तू मांगशी आनि मी काढी दिसू?”

 मी ठरवलं, आता जिजीच्या तोंडून एक शब्द मागायचा तो सगळी तयारी झाल्यावरच. आधी यंत्र नीट शिकायचं, आपल्या आवाजावर, कुकरच्या शिट्टीवर, शेजारच्या शेळीवर. लग्नाला चार महिने होते.

माझी नात, माझ्या मुलाची मुलगी, नाशिकला शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा तिने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात आवाज घेण्याची तीन-चार सॉफ्टवेअरं भरून दिली, काही फुकटची, एक स्वस्तातलं. “आजी, तूच बघ कोणतं पटतं ते.” मला काय, मी स्थळं पाहायला बसले. या घरातल्या सात लग्नांची स्थळं मी पाहिली आहेत. माणूस दाखवायला बसवलेलं असतं तेव्हा सगळेच गोड बोलतात, हे मला कळतं.

फोनातलं ॲप म्हणजे चुणचुणीत नवी सून. एक बटण दाबा की कामाला लागली. हाताला पीठ असलं तरी कोपराने दाबता येतं. पण हिला सगळं आवरायची भारी हौस, आणि विचारलं तरी अशा लाडाने की नाही म्हणवत नाही. हळू आवाज ती मोठा करते, मोठा ती हळू करते. त्यामुळे जिजीचं खाकरणं आणि जिजीची तान एका उंचीची होऊन बसते. नंतर मला कळलं की हे सगळं बंद करायची सोय आत होती, चार पडद्यांमागे. तेव्हा न्याय करायचा तर दोष तिचा अर्धा आणि माझा दीड.

दुसरं इंटरनेटवर उघडायचं. दिसायला देखणं, पदरी ढोलताशांचा ताफा, आणि गुणी एवढं की नाशकात बसून नात माझ्या कामात हात घालू शकत होती. पण आमच्याकडे नेट गेलं की हे स्थळ जागच्या जागी तोंड उघडं टाकून उभं. शिवाय गायला बसायच्या आधीच ते विचारायचं, लय किती? आकडा सांगा. आकडा सांगितला की टिक, टिक, टिक, आणि तुम्ही त्या टिकटिकीच्या मागे धावायचं. मी ती टिकटिक लावून जात्यावर बसून पाहिली. जिजी दारातून बघत होती. रुसली होती तरी बघत होती.

“त्याले सांग,” ती म्हणाली, “दाना सरना की थांबनं पडस.”

एवढंच म्हणून आत गेली. आणि मला पन्नास वर्षांनी ते गाणं कसं बांधलंय ते दिसलं. जात्यात मूठभर दाणे घालायचे, त्याला घास घालणं म्हणतात. तो घास संपला की जातं हलकं होतं, दात खायला लागतं. तेव्हा हात थांबवायचा, दुसरा घास घालायचा, पुन्हा ओढायचं. कडवं संपतं ते तिथे. श्वासही घ्यायचा तो तिथेच. दाणा जाड असेल तर कडवं सावकाश जातं, बारीक असेल तर भरभर. हे आकड्यात कसं सांगणार?

तिसरं ते स्वस्तातलं. पहिला महिना फुकट, म्हणजे जावई नवा असताना कसा ‘काही नको, काही नको’ म्हणतो तसं. एकतिसाव्या दिवसापासून दर वेळी दारात उभं राहून मागणी. रागावत नाही मी त्याच्यावर, मागायचं ते थोडंच होतं, आणि अंगात कला खूप होती. पण त्याचं तोंड उघडलं की शेकडो खटके आणि चक्रं, आणि माझा लॅपटॉप त्या ओझ्याने असा धापा टाकायचा की दमा कुणाला आहे तेच कळेना.

शेवटचं स्थळ फुकटातलं आणि जुनं. दिसायला तालुक्याच्या कचेरीतल्या फायलीसारखं, राखाडी, मराठीचा एक शब्द नाही. मी सगळ्या बटणांची नावं वहीत मराठीत उतरवून घेतली, समोर अर्थ, शेवटी ‘चुकल्यास काय करावे’. पण हे बाबा तासन् तास न थकता ऐकत बसायचं आणि स्वतःची अक्कल चालवायचं नाही. चुकलं तर मागे नेता येतं, दहा पावलं, वीस पावलं. ही सोय मला वयाच्या बाविसाव्या वर्षी मिळायला हवी होती. आणि ते आवाजाचं चित्र काढायचं! आवाज चढला की डोंगर, उतरला की उतार, घास घातला की सपाट खिंड. आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो तसं जिजीचं गाणं मला आडवं पसरलेलं दिसणार होतं. मी तिथेच सुपारी फोडली.

खोट एकच. त्याला एका वेळी एकच माइक चालायचा. नातीने पाठवलेला टिचभर माइक मी माझ्या पदराला लावला तर जातं लांब गेल्यासारखं वाटायचं, जात्याजवळ ठेवला तर जातं गायचं आणि मी बुडायचे. नातीने फोनवर तोड सांगितली. पदराचा माइक लॅपटॉपला, जात्याजवळ गोधडीवर मोबाइल, दोन्ही एकदम चालू करायचे. सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवायची. मग दोन्ही आवाज लॅपटॉपमध्ये एकाखाली एक ठेवायचे आणि टाळीवर टाळी बसवायची. टाळी म्हटल्यावर मला काय सांगावं, आयुष्यभर वर्गात तेच केलं.

सगळी तयारी झाली. राहिली जिजी.

विनवणी करून ती बधत नाही. म्हणून एका सकाळी मी एकटीच जात्यावर बसले, घास घातला आणि मोठ्याने गायला लागले. हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं घेत जायचं असतं, आधी देव, मग थोरले, मग धाकटे, मग सोयरे. मी माझ्या नवऱ्याचं नाव त्याच्या थोरल्या भावाच्या आधी घेतलं.

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. “आधी थोरला, मंग धाकला. इतलं बी नही समजस का तुले?”

“मला काय माहीत जिजी, मी शाळेतली बाई,” म्हटलं, आणि पुढच्या कडव्यात नवऱ्या मुलाच्या आईला कुळदैवताच्या आधी बसवलं.

जिजी भिंत धरत बाहेर आली. “सरक. देव बाटाडशी तू.”

ती बसली, खुंटा धरला, आणि मग माझ्या पदराला लटकलेल्या माइककडे बघून म्हणाली, “चारच सकाय. पाचवी मांगशी ते मी सुरतले निंघी जासू. आनि आते जातं पुसू नको.”

ते दिवस मिरचीचे. आमच्या शिवारापलीकडे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या लाल पसरलेल्या, आणि वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं. पहिल्या गाण्यात माझ्या तीन शिंका आहेत, दुसऱ्यात शेजारणीच्या. जिजीला ठसका लागेल या धास्तीने मी जातं आत घेतलं, दार लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं. दमेकरी माणसाने या दिवसांत गाणं म्हणजे काय, ते मी तिच्या समोर बसून पाहत होते. पण घास घालायच्या त्या थांब्यात ती श्वास ओढायची आणि पुन्हा उचलायची. चार सकाळी, चार गाणी. चौथ्या दिवशी पंप तोंडाला लावून तिने मला हातानेच विचारलं, आलं का? मी म्हटलं, आलं. आणि खरं तर मला अजून काही ठाऊक नव्हतं.

कारण घोळ नंतर निघाला. टाळीवर टाळी बसवली, पहिलं कडवं सुरेख. तिसऱ्या कडव्यापासून जातं जिजीच्या पुढे पळायला लागलं. शेवटी शेवटी जातं थांबलेलं आणि जिजी अजून ओढतेय.  नात म्हणाली, “आजी, दोन यंत्रांची घड्याळं थोडी वेगळी असतात. आवाज जरा ताणून बघ.” ताणला. जातं रेडकासारखं हंबरलं. मागे नेलं, पुन्हा ताणला, पुन्हा रेडकू. जिजीकडे पाचवी सकाळ मागायची नव्हती. तिच्यात ती नव्हतीच.

दोन दिवस मी त्या डोंगरांच्या चित्राकडे नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी खिंडी दिसल्या. कडवं संपलं की जातं गप्प आणि जिजीही गप्प. तिथे कापलं तर कुणाला कळणार? मी प्रत्येक घासाशी जातं कापलं आणि पुढचं कडवं ओढून जिजीच्या आवाजाखाली नेमकं ठेवलं. एका कडव्यात जातं पळून पळून किती पळणार? एका गाण्याला वीसेक घास. रोज सकाळी चहा झाला की मी चष्मा लावून बसायचे आणि घासामागून घास जातं परत जागेवर आणायचे. चारही गाणी जुळली तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. आधी एक वाटी शेवया खाल्ल्या, एकटीने.

नातीला पाठवलं तेव्हा तिने विचारलं, “आजी, हे तू कुणाला विचारून केलंस?” मी म्हटलं, “कुणाला कशाला, मला दिसलं.” आयुष्यात बक्षिसं मिळाली, तालुक्याला हारतुरे झाले, पण ‘मला दिसलं’ हे म्हणताना मान जेवढी ताठ झाली तेवढी तेव्हा झाली नव्हती. उगाच नम्रपणा कशाला करू.

एक उणीव मात्र राहिली, आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरच्या माथी मारता येत नाही. त्या गाण्यांत नावं आहेत ती त्या एकाच लग्नाची. पुढच्या हळदीला पुढची नावं लागतील, आणि ती कुणाला तरी तोंडाने घ्यावी लागतील. म्हणून मी आता रोज एक कडवं पाठ करते. क्रम चुकवत नाही.

सुरतेची हळद त्यांच्या इमारतीखाली, गाड्या लावतात त्या जागेत होती. मधोमध टेबलावर एक जातं होतं, तळहाताएवढं, फोटोपुरतं आणलेलं. नवरीने त्यात हळकुंड ठेवून दोन फेरे दिले. माझ्या नातीने स्पीकर लावला.

आधी टाळी. माझी टाळी कापायला मी विसरले होते. मग घरघर सुरू झाली आणि तिच्यावर जिजी चढली. देव, मग थोरले, मग धाकटे. नवरीच्या पणजोबांचं नाव आलं तशी मांडवातली कुजबूज थांबली. मुलाकडच्या एक वयस्कर बाई उठल्या, त्या लहानग्या जात्याजवळ गेल्या आणि टेबलावरची चादर उचलून खाली वाकून पाहू लागल्या, खरं जातं कुठे लपवलंय ते. मी खुर्चीत जरा सैलावून बसले. मला कुणी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, अगदी घासांसकट. कुणी विचारलं नाही.

जिजी पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होती, मांडीवर पंपाची पिशवी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. घासाच्या प्रत्येक थांब्याला तिचा उजवा हात आपोआप मुठीने दाणे घालायचा, हवेतच. चौथं गाणं संपलं, नवरीला हळद लागली. जिजीने मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकले. बायका ऐकत होत्या, आणि जिजीला ते चांगलंच माहीत होतं.

“जातं ब्येस वाजनं, मास्तरीन. पन तू तशीच शे अजून. खुंटाले नुसता हात लायेल शे तुन्हा, वढी मीच ऱ्हायनू. समदं आयकू येस.”